आवाज येतोय का

“एक, दोन... एक, दोन... आवाज येतोय का, मुलींनो?” खालच्या रस्त्यावरून भोंग्यातून कुणीतरी विचारलं, आणि वर्गातल्या मुलींनी पेपरावरची नजर न काढता ‘हो’ म्हणून माना हलवल्या. दाराशी उभ्या असलेल्या इन्शिराहबाईंचीही मान हलली. म्हणजे पुरती हलली नाही, हनुवटी जरा खाली गेली एवढंच. पण गेली खरी. मास्तरांनी विचारायचं आणि आपण हो म्हणायचं, ही सवय हाडात मुरलेली. पुढच्याच क्षणी त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग त्या माणसाचा आला, मुलींचा आला, दमनहूर शहराचा आला, पण सगळ्यात जास्त आला तो स्वतःच्या हनुवटीचा. बारावीची परीक्षा, भौतिकशास्त्राचा पेपर, सगळ्या इजिप्त देशाचा श्वास अडकवून ठेवणारा. आणि पेपर वाटून धड अर्धा तास झाला नाही तोच त्याची उत्तरं घेऊन हा माणूस समोरच्या बाल्कनीत हजर. वर पुन्हा विचारतो, आवाज येतोय का. न यायला काय झालं? पलीकडच्या गल्लीत वाळत घातलेल्या चादरींनासुद्धा येत असेल.

सकाळी फाटकापाशी याच मुलींचे कान त्यांनी तपासले होते. मुली एकामागून एक यायच्या, डोक्यावरचा रुमाल सैल करायच्या, आणि इन्शिराहबाई दोन बोटं आत घालून आधी कानामागे, मग पाळीवर, मग कानाच्या तोंडाशी चाचपून बघायच्या. ‘कानात काही नको’ हा यंदाचा मोठा नियम. हल्ली फोनवरचं ऐकायचा तो दाणा म्हणे मसुरीएवढा असतो, आत सोडला की दिसत नाही, काढायला लोहचुंबक लागतो. मसुरीएवढा दाणा दोन बोटांनी कसा शोधायचा ते परिपत्रकात लिहिलेलं नव्हतं. कान गरम असायचे, घामट असायचे, काहींच्या पाळ्यांना आदल्या रात्रीचं तेल. एखादीच्या कानामागची शीर अशी थडथड उडत असायची की बाईंना आपलं बोट चटकन काढून घ्यावंसं वाटे. “बाई, गुदगुल्या होतात,” एक मुलगी म्हणाली होती. “हसू नकोस,” बाई म्हणाल्या होत्या, आणि ती मुलगी खरंच हसायची थांबली तेव्हा त्यांना वाईट वाटलं होतं. तांता शहराहून पहाटेची मायक्रोबस पकडून, मांडीवर पर्स आणि पर्समध्ये दोन उकडलेली अंडी घेऊन, त्या येतात कशासाठी, तर परक्या पोरींच्या कानांत बोटं घालायला. आपल्याच गावात सुपरव्हिजन देत नाहीत, ओळखी निघतात म्हणून. दमनहूरला ओळखी नव्हत्या. पण दुसऱ्या पेपराच्या दिवसापासून फाटकावर थांबणाऱ्या, मुलींच्या आयांनी त्यांना ओळखून ठेवलं होतं. “हीच ती,” एक जण दुसरीला म्हणाली होती, त्यांना ऐकू जाईल अशा बेताने. “गाठ आहे नुसती, सुटता सुटत नाही. हिला स्वतःची लेकरं नसतील.”

“ज्या प्रश्नात तारेचं वेटोळं फिरतंय,” भोंगा सांगत होता, सावकाश, शिकवणीच्या आवाजात, “त्याचं उत्तर तिसरं. पुन्हा सांगतो, लेकींनो. फिरणारं वेटोळं, तिसरं. घाई नको. प्रत्येकीच्या पेपरात क्रम वेगळा आहे, म्हणून नंबर बघू नका, प्रश्न बघा.” काय ती काळजी! सरकारने प्रश्नांची उलटापालट करून चार तऱ्हांचे पेपर काढले, कोट्यवधी खर्चून. आणि या माणसाने एका वाक्यात त्यावर पाणी टाकलं. इन्शिराहबाई खिडकीशी गेल्या. समोर रसाच्या दुकानावरच्या बाल्कनीत, हिरव्या कठड्याशी, इस्त्रीचा शर्ट घातलेला एक माणूस हातात माईक घेऊन उभा होता. शेजारी एक बाई त्याच्या डोक्यावर छत्री धरून होती. ऊन लागू नये म्हणून. त्याला त्यांनी ओळखलं, कारण शाळेच्याच भिंतीवर त्याच्या शिकवणीच्या जाहिरातीत त्याचं मोठ्ठं चित्र होतं: उस्ताज सिराज, भौतिकशास्त्राचा सुलतान. खाली आयांचा घोळका, पाण्याच्या बाटल्या, जपमाळा. फाटकावर दोन शिपाई सूर्यफुलाच्या बिया सोलत होते आणि टरफलं एकमेकांच्या बुटावर थुंकायचा खेळ खेळत होते. “लाज नाही वाटत का हो?” बाई ओरडल्या. आपला आवाज एवढा चिरका असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. सुलतानाने वर पाहिलं, छातीवर हात ठेवला आणि माईकमधूनच म्हणाला, “सुप्रभात, बाई. देव तुमच्या लेकरांचंही भलं करो. पुढचा प्रश्न: एक घट आणि तीन रोध.” खालच्या आयांनी टाळ्या वाजवल्या. मागे वर्गात कुणीतरी फिस्सकन हसलं.

त्यांनी खिडकी लावून घेतली. लगेच चारी बाजूंनी सुरू झालं: बाई, गुदमरतंय, बाई, जीव जाईल, बाई, पंखा तर बंदच आहे. दुसऱ्या सुपरव्हायजर नशवाबाई मागच्या बाकावर पाय पसरून बसल्या होत्या. त्यांना सातवा महिना होता. “अहो ताई, उघडा ना,” त्या म्हणाल्या, वहीच्या पुठ्ठ्याने वारा घेत. “मला घेरी येतेय. आणि खिडकी लावून काय होणार? एक काच आधीपासूनच नाहीये.” ते खरंच होतं. त्या मोकळ्या चौकटीतून सुलतानाचा आवाज आणखी गोळीबंद होऊन आत येत होता. इन्शिराहबाईंनी खिडकी उघडली. मग आपण ती लावली कशाला आणि उघडली कशाला, याचा त्यांना असा वैताग आला की त्या उगाचच बाकांच्या मधून एक फेरी मारून आल्या. मुली भराभर उत्तरपत्रिकेवरचे गोळे काळे करत होत्या. कुणी एकमेकींकडे बघत नव्हतं, कुणी कुजबुजत नव्हतं, कुणाच्या मांडीवर चिठ्ठी नव्हती. इतका शिस्तीचा वर्ग त्यांनी नोकरीत पाहिला नव्हता. पकडायचं तरी कुणाला? ऐकणं हा गुन्हा म्हणावा, तर पहिला कान त्यांचाच.

तेवढ्यात खिडकीकडच्या रांगेत, त्या काच नसलेल्या चौकटीखालच्या बाकावर, एक हात वर झाला. रुमालाचं टोक चावत बसलेली, नाक लाल झालेली, भुवया जुळलेली एक मुलगी. बाकाच्या कोपऱ्यात चिकटवलेल्या चिठ्ठीवर नाव होतं रुमैसा. बाईंनी वाकून विचारलं, काय हवंय. “बाई, त्यांना थांबवा ना,” मुलगी म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं, पण सूर रडका नव्हता, तक्रारीचा होता, नळाला पाणी नाही अशी तक्रार करावी तसा. “मला ऐकू येतंय.” “सगळ्यांनाच येतंय,” बाई म्हणाल्या. “तसं नाही. मी वेटोळ्याचा प्रश्न करत होते. माझं अर्धं झालं होतं. त्यांनी मध्येच तिसरं सांगितलं. आता माझंही तिसरं आलं, तर ते माझं आलं की त्यांचं, मला कसं कळणार?” बाईंनी तिच्या कच्च्या कागदाकडे पाहिलं. बारीक अक्षरात आकडेमोड केलेली, मध्येच तोडलेली, पुढे पेन नुसतं टेकून टेकून शाईचे ठिपके. “मला माझं माझं सोडवायचंय,” मुलगी म्हणाली. “प्लीज.” शेजारची मुलगी गोळा काळा करता करता पुटपुटली, “आली मोठी शहाणी.”

इन्शिराहबाईंना त्या मुलीची दया यायला हवी होती. आली चीड. असल्या मुलांना काय झालेलं असतं? सगळी दुनिया एका वाटेने चाललेली दिसते, आणि ही त्याच वाटेच्या मधोमध उभी राहून म्हणणार, मला माझं माझं. आणि नुसती उभी राहणार नाही, आपल्याला हात वर करून बोलावणार. आता करा काहीतरी. ही भुवई, हे रुमालाचं टोक चावणं. त्यांचा मुलगा हाझिम शर्टाची कॉलर चावायचा. त्याच्या सगळ्या कॉलरी भिजलेल्या असायच्या आणि त्या रोज संध्याकाळी ओरडायच्या, अरे घोडा झालास. बारावीच्या शेवटच्या पेपरानंतर तो घरी आला, सरळ स्वयंपाकघरात उभा राहिला आणि म्हणाला, “आई, आमच्या हॉलमध्ये सगळी उत्तरं सांगितली. मी बोटं घातली कानात. एका हाताने लिहिलं, तर एकच कान बंद होत होता.” त्या मोलोखियाच्या भाजीची पानं चिरत होत्या. त्यांनी हातातलं दोनमुठी पातं खाली ठेवून त्याच्या कपाळाचा मुका घेतला होता. काय अभिमान वाटला होता तेव्हा! आख्ख्या गल्लीला ऐकवलं होतं. मग निकाल लागला. जे ऐकत बसले ते इंजिनियरिंगला गेले, एकजण तर डॉक्टरीला. हाझिमचा अर्धा टक्का कमी पडला. अर्धा टक्का म्हणजे एक कान. त्याने कधी तोंडावर म्हटलं नाही. तो काहीच म्हणत नाही. वाणिज्यची पदवी घेतली, स्टेशनजवळ मोबाईलच्या दुकानात उभा राहतो, रात्री जेवताना पावाचे तुकडे मोडून न खाता रचून ठेवतो. मागच्या महिन्यात त्यांनी विचारलं होतं, तुमच्या दुकानात ते कानातले दाणे ठेवतात का रे? “ठेवतात की,” तो म्हणाला होता. “सीझन आहे. मी विकतो, तू पकड. घर दोघांचंही चालतं.” आणि हसला होता. रऊफ, त्यांचे यजमान, टीव्हीचा आवाज वाढवत म्हणाले होते, “सोड ना, हाझिमच्या आई. कशाला खोदतेस.”

“थांब,” त्या रुमैसाला म्हणाल्या, आणि नशवाबाईंना खूण करून खाली केंद्रप्रमुखांच्या खोलीत गेल्या. फहीम सरांच्या टेबलावर कुणा पालकाने पाठवलेलं फतीर होतं, पोळीसारखं, पदर सुटलेलं, तुपाने चकचकीत. वाटीत मध, वाटीत मलई. पेपर असला की असं काहीतरी येतंच, आणि त्याला लाच म्हटलं तर पाठवणारे खरोखर दुखावतात. सुपरव्हायजर उपाशी कसा ठेवायचा? पाहुणा तो. “या या, इन्शिराहबाई,” फहीम सर म्हणाले. “एक घास घ्या. तुमची ती अंडी पाहून मला माझ्या ऑपरेशननंतरच्या पथ्याची आठवण होते.”

“सर, बाहेर तो माणूस भोंग्यावर पेपर सोडवतोय.”

“कोण, सिराज? चांगला शिकवतो हो. माझी भाची होती त्याच्याकडे.”

“शिपायांना सांगा ना त्याला उतरवायला.”

“जाड्या शिपायाची पुतणी वरच्या मजल्यावर बसलीये. बारक्याची मेहुणी तुमच्या शेजारच्या वर्गात. कुणाला सांगू? सांगा तुम्हीच.”

“मग मी रिपोर्ट लिहिते. सामूहिक कॉपीचा.”

फहीम सरांनी बोटं पुसली. आवाज खाली आणला. त्यांचा चेहरा एरवी मऊ, पण आता त्यावर थकवा दिसला, आणि तो खरा होता. “लिहा. तुमचा हक्क आहे. सामूहिक कॉपी म्हटलं की आख्ख्या वर्गाचा पेपर रद्द. रद्द म्हणजे शून्य. जिने केली तिचाही, जिने नाही केली तिचाही. ते काही एकेकीला बोलावून विचारत नाहीत, बाळ तू ऐकलंस का म्हणून. वर्षभर घरी बसा, पुढच्या जूनमध्ये या. तुमच्या वर्गात आहे कुणी न केलेली?”

इन्शिराहबाईंची नजर मधाच्या वाटीकडे गेली.

“आहे ना? असतेच एखादी. मग तिचं वाटोळं तुमच्या हाताने करा, आणि मग माझ्या टेबलावर रिपोर्ट आणून द्या. बाई, देव तुमचं भलं करो, जरा डोळे मिटायला शिका.”

डोळे मिटायचे! मिटतील. कान कसे मिटतात ते सांगा. जिना चढताना त्यांना वाटलं, आपल्याला सगळ्यांनी मिळून एका खोलीत कोंडलंय आणि खोलीला दोन दारं आहेत, दोन्ही त्याच पोरीच्या अंगावर उघडतात. लिहिलं तर तिचं शून्य. नाही लिहिलं तर ती तिथेच बसून राहणार, पेन टेकवत, माझं की त्यांचं, माझं की त्यांचं करत, आणि तीन तास संपणार. आणि उद्या तीच कुठल्यातरी दुकानात उभी राहणार आणि रात्री पावाचे तुकडे रचणार. आपण इजिप्त देशाची परीक्षा सांभाळायला आलोय, हे इतकी वर्षं त्या स्वतःला सांगत आल्या होत्या. जिन्याच्या वळणावर त्यांना कळलं की देशाचं आता त्यांना काहीसुद्धा वाटत नाहीये. त्या एका पोरीचा पेपर तिच्या हातून पुरा व्हावा, बस्स. बाकी सगळ्या जणी डॉक्टर होऊन एकमेकींची पोटं कापोत.

वर्गात भोंगा पंधराव्या की सोळाव्या प्रश्नावर होता. रुमैसाने डावा हात कानावर दाबला होता आणि उजव्याने लिहायचा प्रयत्न चालवला होता. उजवा कान उघडाच. इन्शिराहबाई बघतच राहिल्या. एका हाताने लिहिलं, तर एकच कान बंद होत होता. पर्समधून त्यांनी कागदी रुमाल काढला, दोन तुकडे केले, जिभेवर ओले करावेत की बाटलीतल्या पाण्याने, असा एक क्षण विचार केला, आणि पाण्याने केले. बोटांत घट्ट वळले. मग मुलीजवळ जाऊन, तिच्या डोक्यावरच्या रुमालाखाली सकाळचीच दोन बोटं घातली आणि सकाळी ज्या कानांत काही नाही ना म्हणून बघितलं होतं, त्यांत ते बोळे दाबून बसवले. मुलगी दचकली. मग तिचा चेहरा हळूहळू सैल झाला. भुवया सुटल्या. तिने वर बघून ओठ हलवले, काय म्हणाली ते बाईंना समजलं नाही, आणि बहुधा तिलाही ऐकू आलं नसावं. ती लिहायला लागली. एक ओळ, दुसरी, खाडाखोड, तिसरी. नशवाबाई मागून कुजबुजल्या, “ताई, हे काय करताय? कानात काही नको ना?” “तुम्ही वारा घ्या,” इन्शिराहबाई म्हणाल्या. त्या भिंतीला टेकल्या. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांच्या जिवाला जरा बरं वाटलं. बाहेर सुलतान घसा खाकरत होता, सांगू दे बापड्याला. त्यांना मोठ्याने हसावंसं वाटलं.

मग भोंगा वाक्याच्या मध्येच बंद पडला. खाली कुणीतरी शीळ घातली. बाल्कनीचं दार लागल्याचा आवाज आला, आया एकदम रस्त्याच्या पलीकडच्या सावलीत गेल्या, शिपायांनी टोप्या सरळ केल्या. भरारी पथकाची पांढरी गाडी. ती कोपऱ्यावर आली की अख्ख्या वस्तीला कळतं. कळत नाही ते फक्त गाडीतल्यांना. जिन्यावर बुटांचा आवाज झाला आणि दारात अझमी साहेब उभे राहिले, मुख्य कार्यालयातले, उंच, बारीक मिशीचे, सोबत हातात तपासणीची काळी काठी घेतलेल्या एक बाई, आणि मागे फहीम सर, हनुवटीवर मध. वर्ग इतका शांत होता की बाहेरच्या रसाच्या दुकानातलं उसाचं यंत्र ऐकू येत होतं. साहेबांनी समाधानाने चहूकडे पाहिलं. “सलाम आलेकुम, मुलींनो,” ते म्हणाले. “व आलेकुम सलाम,” सगळ्या मुली उठून एका सुरात म्हणाल्या.

एकच मुलगी उठली नाही. मान खाली घालून लिहीत राहिली.

“ए मुली,” साहेब म्हणाले. ती लिहितच होती. “तुला सांगतोय मी.” साहेब तिच्या बाकापाशी गेले, बाकावर टकटक केलं. तिने वर पाहिलं, घाबरून उभी राहिली, पेन खाली पडलं. “रुमाल काढा हिचा,” साहेब सोबतच्या बाईंना म्हणाले. काठी कानाजवळ नेली, ती वाजली नाही. “प्लास्टिकचे निघालेत हल्ली, हाताने बघा.” त्या बाईंनी बोट घालून एक बोळा काढला, मग दुसरा. साहेबांनी ते तिच्याच उत्तरपत्रिकेशेजारी ठेवून पेनाच्या टोकाने उलगडले, दाणा शोधला, तार शोधली, बारीक अक्षर शोधलं. ओल्या कागदाखेरीज काही नव्हतं. “हे काय आहे?” त्यांनी विचारलं. “कानात काही नको, माहीत नाही तुला? का घातलंस?”

वर्गात एकही पेन हलत नव्हतं. मगाची ती शेजारची मुलगी पांढरीफटक पडली होती. रुमैसाने ओठ ओले केले. ती खरं सांगणार होती. इन्शिराहबाईंना ते इतकं स्वच्छ दिसलं. ही भुवई, हा श्वास आत घेणं, हाझिम असाच श्वास घेऊन स्वयंपाकघरात उभा राहिला होता. ती म्हणणार, साहेब, बाहेरून उत्तरं सांगत होते, मला ती नको होती. आणि साहेब म्हणणार, अच्छा, सांगत होते? आणि मग सामूहिक कॉपी, आख्खा वर्ग, शून्य. सगळ्यात आधी तिचंच.

“साहेब,” मुलीने सुरुवात केली, “बाहेर...”

“तिचा कान फुटलाय,” इन्शिराहबाई म्हणाल्या. आवाज मोठा निघाला. “दोन्ही कान. लहानपणापासून. पाणी येतं त्यातून, वास मारतो, म्हणून कागद घालते बिचारी. मीच परवानगी दिली. माझीच चूक, तुम्हाला आधी सांगायला हवं होतं.” एवढं खोटं त्या एका दमात बोलल्या. सकाळी फाटकापाशी सापडलेल्या मुलींना त्या म्हणायच्या, तोंडावर खोटं बोलताना जीभ कशी झडत नाही गं तुमची. झडत नाही. उलट जीभ मोकळी होते, एकातून दुसरं निघतं, वाससुद्धा आपोआप निघाला.

“डॉक्टरचा दाखला?”

“आहे ना, माझ्याकडे आहे,” दारातून फहीम सर म्हणाले, हनुवटी पुसत. “खाली फाईलला लावलाय. या ना साहेब, चहा झालाय.” या माणसाचा आपण इतके दिवस तिरस्कार केला, आणि आता याच्याच पदराखाली उभ्या आहोत, हे बाईंच्या मनात येऊन गेलं. त्यांना स्वतःची शिसारी आली, आणि त्याच वेळी फहीम सरांच्या गळ्यात पडावंसंही वाटलं.

साहेबांचं समाधान झालेलं नव्हतं. ते मुलीकडे वळले. “खरं का गं? या बाई म्हणतात ते?”

रुमैसाने साहेबांकडे पाहिलं, मग इन्शिराहबाईंकडे. तिला आता सगळं ऐकू येत होतं. बाईंनी मान हलवली नाही, डोळ्यांनी खूण केली नाही. इतकी वर्षं वर्गात उभं राहून चेहरा कोरा ठेवायची सवय होती, ती उपयोगी पडली. पण आतून त्या देवाची करुणा भाकत होत्या. हो म्हण. एकदाच. माझ्या पोराला कुणी सांगायला नव्हतं, मीच मुका घेतला त्याचा, मीच गल्लीभर सांगितलं, तू तरी हो म्हण. आणि त्याच्याच खाली, कुठेतरी फार खोल, दुसरं काहीतरी म्हणत होतं: नको म्हणूस. मुलीचा हात कच्च्या कागदावर होता, त्या तोडलेल्या आकडेमोडीवर. तिने तो काढून घेतला.

“हो,” ती म्हणाली.

“मग आधी कानाच्या डॉक्टरकडे जा,” साहेब म्हणाले. “भौतिकशास्त्र कुठे पळून जात नाही.” मुली नम्रपणे हसल्या. साहेबांनी शिस्तीबद्दल बाईंचं कौतुक केलं, नशवाबाईंना बसूनच राहा म्हणाले, आणि चहाला गेले. पांढरी गाडी कोपऱ्यावरून वळते न वळते तोच खाली बाल्कनीचं दार उघडलं. “हां, तर लेकींनो,” सुलतान म्हणाला, “कुठे होतो आपण?”

इन्शिराहबाईंनी घाईघाईने दुसरा रुमाल काढला, फाडला, पाण्याने भिजवला. त्या बाकाशी गेल्या तेव्हा रुमैसाने डोक्यावरचा रुमाल पुन्हा घट्ट बांधून घेतला होता, टाचणी लावली होती. “नको, बाई,” ती म्हणाली. “अगं, मी बघते कोण काय म्हणतं ते.” “नको,” ती पुन्हा म्हणाली, आवाज न चढवता, आणि पेपराचं पान उलटलं. बाई ओले बोळे मुठीत घेऊन परत दाराशी आल्या. पाणी मनगटावरून ओघळत होतं. पेपर संपेपर्यंत त्यांनी त्या रांगेकडे पाहिलं नाही. ती काय करते आहे, आकडेमोड करते आहे की नुसती ऐकते आहे, हे बघणं हेच तर त्यांचं काम होतं. त्यांनी भिंतीवरच्या नकाशातली नील नदी बघितली, मुखापासून वर, मग परत खाली. आपल्याला इथून घरी जायचंय, हाझिम आज लवकर येणार आहे, त्याला हे सांगावं का? काय सांगणार? की मी एका मुलीला वाचवलं? तो विचारेल, कशापासून?

घंटा झाली. मुली पेपर आणून ठेवत होत्या, काही जणी येता येता म्हणत होत्या, बाई, देव तुम्हाला खूप देवो, बाई, तुमच्यासारखं कुणी नाही. त्यांना वाटलं होतं, बाईंनी त्यांनाच वाचवलं. सकाळपर्यंत जी ‘गाठ’ होती, तिला आता सगळ्या दुवा देत होत्या, आणि प्रत्येक दुवेसरशी इन्शिराहबाईंचा वैताग वाढत होता. शेवटी रुमैसा आली. तिने उत्तरपत्रिका सरळ केली, गठ्ठ्यावर ठेवली. ती रागावलेली असावी असं बाईंना फार वाटत होतं. तिने काहीतरी बोलावं, तुम्ही मला खोटं का बोलायला लावलंत, असं तोंडावर विचारावं. तो प्रश्न त्यांना हवा होता. मुलीने मागे वळून पाहिलं, दाराशी कुणी नाही याची खात्री केली, आणि टेबलावर वाकून अगदी हळू विचारलं, वर्गात पोरी विचारतात तसं, ओठ न हलवता:

“बाई, कधीपासून म्हणालात तुम्ही? लहानपणापासून, की तापानंतर? बाहेर कुणी परत विचारलं तर चुकायला नको.”

नशवाबाई गठ्ठा बांधत होत्या. खाली आयांचा गलका सुरू झाला होता. परीक्षेच्या वर्गात इन्शिराहबाईंनी आजवर कुणाला एक अक्षर सांगितलं नव्हतं.

“लहानपणापासून,” इन्शिराहबाईंनी सांगितलं.